कावीळ लिहिली, हिवताप लपवला!

२०२५ च्या जुलै महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एक भगिनी आमच्या कचेरीत आली. सोबत म्हातारी सासू, कडेवर लेकरू आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेले कागद. तिचा पती २०२४ च्या सप्टेंबरमध्ये गेला. वय वर्षे ३१. भूमिहीन बौद्ध कुटुंब. धानाची रोवणी आटोपली की गावात काम नाही, म्हणून तो ठेकेदारामार्फत गडचिरोलीच्या दक्षिण भागात रस्त्याच्या कामावर गेला. राहायला जंगलात ताडपत्रीचा तंबू, शेजारी मुरमासाठी खोदलेले खड्डे आणि खड्ड्यांत साचलेले पाणी. पंचवीस दिवसांनी थंडी वाजून ताप आला, तेव्हा ठेकेदाराने हिशेब करून त्याला बसमध्ये बसवून दिले. पुढच्या बारा दिवसांत सगळे संपले.

बाईने आमच्यापुढे दोन कागद ठेवले. एक होता रक्ततपासणीचा अहवाल. त्यावर स्पष्ट लिहिले होते की प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम आढळले. दुसरा होता मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत. त्यावर तीव्र कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे, बहुअवयव निकामी होणे, एवढे लिहिलेले. हिवताप हा शब्द कुठेही नाही. बाई म्हणाली, "मलेरिया होता ना जी? मंग कागदावर कावीळ कायले लिवली?"

बाईचे शिक्षण सातवीपर्यंत. पण जो प्रश्न या राज्याच्या आरोग्य खात्याने स्वतःला विचारायला हवा होता, तो तिने विचारला. आम्ही डॉक्टर नाही, वकील आहोत. परंतु या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्हाला वैद्यकाची पुस्तके उघडावी लागली, मित्र डॉक्टरांचे डोके खावे लागले. त्यातून जे समजले ते समाजबांधवांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. कारण या दुखण्यात माणूस मरतो तो केवळ डासाच्या दंशाने नव्हे, तर वाया गेलेल्या दिवसांनी मरतो.

ॲनाफिलिस जातीची मादी चावली की हिवतापाचे जंतू रक्तातून तासाभराच्या आत यकृतात शिरतात. तिथे ते सुमारे आठवडाभर लपून वाढतात. या काळात ताप नाही, दुखणे नाही, माणूस घमेली उचलत असतो. मग एकेका बीजापासून झालेले हजारो जंतू यकृताच्या पेशी फोडून रक्तात येतात आणि तांबड्या पेशींत घर करतात. फॅल्सिपेरम जातीचे जंतू साधारण ४८ तासांनी पेशी फोडतात, नव्या पेशींत शिरतात, पुन्हा फोडतात. तांबड्या पेशी अशा भसाभस फुटल्या की त्यांतल्या हिमोग्लोबिनपासून पिवळे द्रव्य तयार होते. त्यालाच बिलिरुबिन म्हणतात. यकृताने ते रक्तातून काढून टाकायचे असते. पण यकृतातला रक्तप्रवाहही मंदावलेला, त्याच्या पेशीही दुबळ्या झालेल्या. म्हणून डोळे पिवळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार रक्तात जंतूंची संख्या मोठी असताना बिलिरुबिन ३ मिलिग्रॅमच्या वर गेले तर तो गंभीर हिवताप समजायचा. म्हणजे ही कावीळ वेगळा आजार नाही, हिवतापानेच धारण केलेले ते उग्र रूप आहे.

मग साधी कावीळ आणि ही कावीळ ओळखायची कशी? विषाणूंच्या काविळीत साधारणपणे आधी ताप येतो आणि डोळे पिवळे दिसू लागले की ताप उतरू लागतो. शिवाय यकृताच्या तपासणीतले एन्झाइमचे आकडे अनेकदा हजाराच्या घरात जातात. हिवतापात डोळे पिवळे झाले तरी ताप हटत नाही आणि ते आकडे सहसा तेवढे चढत नाहीत. ताप आणि पिवळेपणा बरोबरच चालले असतील तर पहिली गोष्ट करायची ती रक्ताची तपासणी. लेप्टोस्पायरोसिसमध्येही ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र येतो हे खरे. म्हणून तर तपासणी हवी. ती कोणी विचारले म्हणून नव्हे, तर दारात आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाची व्हायला हवी. रॅपिड किटवर पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते आणि हे किट आशा ताईंच्या पिशवीत असायला हवे, असे शासनाचेच धोरण आहे.

मूत्रपिंडाची गोष्ट आणखी गंभीर आहे. फॅल्सिपेरमची लागण झालेल्या पेशी चिकट होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. मेंदूत असे झाले की बेशुद्धी येते, मूत्रपिंडात असे झाले की तिथला रक्तपुरवठा घटतो. त्यात ताप आणि उलट्यांमुळे शरीरातले पाणी कमी झालेले. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत जाऊन त्यांना इजा करते. लघवी कमी होते, गडद होते, कधी कोऱ्या चहासारखी काळी होते. काही रुग्णांत लघवी नेहमीसारखी होत असतानाही मूत्रपिंड आतून बंद पडत असते, म्हणून क्रिएटिनिन तपासणे अगत्याचे. ते ३ मिलिग्रॅमच्या वर गेले की तोही गंभीर हिवताप. कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकाच रुग्णात आले तर मृत्यूचा धोका फार वाढतो. आणि हे सर्व केवळ फॅल्सिपेरमपुरते आहे असेही नाही. व्हायव्हॅक्सचा हिवताप सौम्य, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. राजस्थानातल्या बिकानेरच्या डॉक्टरांनी २००५ साली व्हायव्हॅक्सच्या रुग्णांतही कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे आणि मृत्यू नोंदवले, तेव्हा कुठे हा समज ढळू लागला.

आता आमच्या त्या तरुण बांधवाचे बारा दिवस पाहा. पहिले तीन दिवस गावाजवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे. तिथे रक्त तपासले नाही. कंबरेत वेदनाशामक सुई आणि हाताला सलाईन, रोजचे चारशे रुपये. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके आधीच संकटात असलेल्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी तोडतात. सलाईनचेही तसेच. आपल्या लोकांना सलाईन लावल्याशिवाय इलाज झाला असे वाटत नाही, आणि डॉक्टरलाही त्यातच पैसा दिसतो. परंतु गंभीर हिवतापात मोजमाप न ठेवता पाणी चढवले तर ते फुप्फुसात साचते आणि माणूस जागच्या जागी गुदमरतो. पाणी द्यायचे की रोखायचे हे लघवी मोजून, छाती तपासून ठरवायचे असते. बाटली लटकवून जेवायला जाणाऱ्या डॉक्टराचे ते काम नाही.

चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसले. सासऱ्याने त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. नाकात कसल्याशा पाल्याच्या रसाचे थेंब, हाताला चुना, पितळेच्या ताटात पिवळे पाणी. दोन दिवस त्यात गेले. आम्हाला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलेच पाहिजे. १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेला हा समाज. त्याच समाजाच्या वस्तीत, विहारापासून हाकेच्या अंतरावर, कावीळ उतरवणारा बसतो आणि त्याच्यासमोर रांग लागते! विषाणूंची कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, त्याचे श्रेय तो घेतो. हिवतापाची कावीळ बरी होत नाही. ते माणूस मेल्यावरच कळते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. काविळीचा तिथे उल्लेख नाही. कायद्यातली ही फट आमच्या मते बुजवली पाहिजे. पण कायद्याची वाट न पाहता वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी अशा रुग्णाला हाताला धरून दवाखान्यात नेण्यापासून कोणी रोखले आहे?

एक मात्र नमूद करू. त्या सासऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कावीळ उतरवणारा घरापासून दहा मिनिटांवर होता. रक्ताची तपासणी जिथे हमखास होईल असे ठिकाण अठ्ठावीस किलोमीटरवर होते आणि तिथे जाणारी बस दिवसातून दोनदा.

सहाव्या दिवशी तो सरकारी दवाखान्यात पोचला. रक्तात जंतू सापडले. इथे आर्टेसुनेटचे इंजेक्शन ताबडतोब द्यायला हवे होते. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले, ते ज्या औषधाच्या शोधासाठी मिळाले त्याच कुळातले हे औषध. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमार या चार देशांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत क्विनाइन दिलेल्या रुग्णांत शंभरातले सुमारे २२ दगावले, तर आर्टेसुनेट दिलेल्यांत सुमारे १५. वजनाच्या दर किलोला २.४ मिलिग्रॅम, पहिला डोस लगेच, दुसरा १२ तासांनी, तिसरा २४ तासांनी आणि पुढे रोज एक, रुग्ण गोळ्या घेऊ लागेपर्यंत. यकृत वा मूत्रपिंड बिघडले म्हणून हा डोस कमी करावा लागत नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवायचे असेल तर पाठवण्यापूर्वी पहिले इंजेक्शन देऊन मगच गाडीत घालायचे, असा संकेत आहे. आमच्या बांधवाच्या कागदावर असे इंजेक्शन दिल्याची नोंद नाही. 'पुढील उपचारासाठी पाठविले' एवढीच ओळ आहे. औषध संपले होते, देणाऱ्याला माहीत नव्हते, की दिले आणि लिहिले नाही, हे आम्ही माहिती अधिकारात विचारले आहे.

पुढे दोन रुग्णालये झाली. क्रिएटिनिन चढत गेले. डायलिसिसचे यंत्र होते, परंतु त्यावर आठवड्यातून तीनदा येणाऱ्या जुन्या रुग्णांच्या पाळ्या लागलेल्या. तातडीच्या रुग्णासाठी पाळी रिकामी नव्हती. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत नववा दिवस उजाडला. तिथे डायलिसिस मिळाले, एकदाच. बाराव्या दिवशी तो गेला.

आम्हाला सर्वांत जास्त बोचते ते इथेच. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने निकामी झालेले मूत्रपिंड सहसा परत येत नाही, त्या रुग्णाला आयुष्यभर यंत्राची किंवा प्रत्यारोपणाची गरज पडते. हिवतापातले मूत्रपिंड तसे नसते. नलिकांच्या पेशी मेलेल्या असतात, पण पुन्हा वाढतात. रुग्ण जगला तर बहुतेकांचे मूत्रपिंड काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत पूर्ववत काम करू लागते. म्हणजे या तरुणाला जन्मभराचा डायलिसिस नको होता. त्याला काही दिवसांची उसंत हवी होती! तेवढी उसंत या राज्याकडे त्याच्यासाठी नव्हती. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना आहे, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे. योजनेला नाव फुल्यांचे दिल्याने पाळी रिकामी होत नाही. प्रत्येक हिवतापग्रस्त जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी किमान एक यंत्र तातडीच्या रुग्णांकरता राखून ठेवा, ही मागणी काही आकाशातली नाही.

आता बाईच्या प्रश्नाकडे वळू. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात कारणाच्या ओळी असतात. पहिल्या ओळीत तात्काळ कारण, त्याखाली ते कशामुळे घडले, आणि सर्वांत खाली मूळ कारण. आकडेवारीत धरले जाते ते मूळ कारण. या तरुणाच्या बाबतीत पहिली ओळ मूत्रपिंड निकामी होणे ही असू शकते, परंतु शेवटची ओळ फॅल्सिपेरम हिवताप हीच असायला हवी. ती ओळ कोरी आहे. म्हणजे गोळी लागून मेलेल्या माणसाच्या कागदावर 'रक्तस्राव' लिहायचे आणि गोळीचे नाव काढायचे नाही, तसा हा प्रकार!

ही एका डॉक्टराची चूक असती तर अग्रलेख लिहिण्याचे कारण नव्हते. शासनाच्या आकडेवारीनुसार २०२३ साली संपूर्ण देशात हिवतापाचे सुमारे २ लाख २७ हजार रुग्ण आढळले आणि मृत्यू झाले अवघे ८३. रुग्ण घटले आहेत हे आम्ही मान्य करतो. २०१५ साली ते ११ लाखांवर होते. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या, नवी औषधे, आशा ताईंची पायपीट यांचे ते फळ आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली भारताला सर्वाधिक ओझ्याच्या देशांच्या गटातून बाहेर काढले, तेही ठीक. पण मृत्यूंची मोजणी? २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. घरोघर जाऊन, नातलगांना विचारून मृत्यूची कारणे ठरवणारी. तिचा अंदाज होता वर्षाला सुमारे २ लाख ५ हजार हिवताप मृत्यू, जेव्हा सरकारी कागदावर ते हजाराच्या आसपास होते. सरकारने आणि जागतिक आरोग्य संघटनेने हा अंदाज मानला नाही, तापाचे सगळे मृत्यू हिवतापाच्या खात्यावर टाकले असा आक्षेप घेतला. आक्षेपात तथ्य असेलही. मात्र त्याच पाहणीतली एक बाब कोणी खोडली नाही, ती अशी की त्यातले ८६ टक्के मृत्यू कोणत्याही दवाखान्यात झालेच नव्हते. घरी मेलेल्याची रक्ततपासणी नसते, म्हणून तो मोजला जात नाही. दवाखान्यात मेलेल्याची तपासणी असते, तर तिथे कावीळ लिहितात. मग आकडा ८३ च राहणार.

हिवतापाचे निर्मूलन २०३० पर्यंत करायचे असे सरकारने ठरवले आहे. आम्हालाही ते हवे आहे. पण निर्मूलन डासांचे व्हावे, नोंदींचे नव्हे.

समाजबांधवांनी कायद्यातला एक बदल ध्यानात ठेवावा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. आता प्रत्येक वैद्यकीय संस्थेने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनामूल्य द्यायचे आहे आणि त्याची एक प्रत जवळच्या नातलगालाही द्यायची आहे. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका जो मृत्यूचा दाखला देते त्यात कारण नसते, त्यामुळे त्या दाखल्यावर समाधान मानू नका. दुःखाच्या घडीला असा कागद मागणे जड जाते हे आम्ही जाणतो. म्हणून ते काम घरच्यांवर न टाकता वस्तीतल्या शिकलेल्या मुलाने करावे.

कायद्याच्या अंगाने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विमा प्रकरणात निकाल दिला. भारतातून मोझांबिकला नोकरीसाठी गेलेला एक गृहस्थ तिथे हिवतापाने, अवयव निकामी होऊन वारला होता. डास चावणे हा अपघात, म्हणून अपघात विम्याची रक्कम द्या, असा कुटुंबाचा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. ज्या देशात हिवताप इतका सर्रास आहे तिथे तो होणे हा अनपेक्षित अपघात म्हणता येणार नाही, असे त्याचे कारण. निकाल कुटुंबाच्या विरोधात गेला, पण त्यातले तर्कशास्त्र आम्ही आनंदाने उचलतो. जे सर्रास घडते ते आधी दिसणारे असते. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतला हिवताप सरकारला वर्षानुवर्षे माहीत आहे, तिथे काम घेणाऱ्या ठेकेदारालाही माहीत आहे. मग मजुरांना मच्छरदाणी नाही, तंबूशेजारचे खड्डे उघडे, ताप आला की बसमध्ये बसवून रवाना, याला निष्काळजीपणा म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, अ भागात, संसर्गजन्य आणि परोपजीवी जंतूंच्या रोगांची नोंद आहे. ज्या कामात अशा लागणीचा विशेष धोका असतो त्या कामातल्या माणसाला तो रोग झाला, तर ती इजा अपघाताने झाली असे कायदाच गृहीत धरतो. तसे नाही हे सिद्ध करणे समोरच्याचे काम. आता या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. आमच्या प्रकरणातला मृत्यू जुन्या कायद्याच्या काळातला, म्हणून आम्ही त्याखालीच दावा केला आहे. आणि राज्याची जबाबदारी? १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की सरकारी रुग्णालयाने वेळेवर तातडीचा उपचार न देणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. तोही माणूस मजूरच होता. आगगाडीतून पडलेल्या त्या शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. आज खाटेच्या जागी डायलिसिसची पाळी आली, इतकाच फरक.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ च्या डिसेंबरात, धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते, हे पुष्कळांना ठाऊक आहे. १९४४ साली खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, त्यासाठी कोळशावर कर बसवला. त्या निधीतून खाणपट्ट्यात दवाखाने निघाले आणि हिवतापविरोधी कामही झाले, ही बाब मात्र आमच्या भाषणांत क्वचितच येते. जिथे संपत्ती निघते तिथल्या मजुराच्या आरोग्याचा खर्च त्याच संपत्तीतून वसूल करायचा, हा तो विचार. आज गडचिरोलीतून लोहखनिज निघते, रस्ते होत आहेत, कंत्राटे सुटत आहेत. त्या पैशातून किती आरोग्यसेवक नेमले, हंगामी फवारणी कामगारांपैकी कितींना कायम केले, हे विचारण्याचा वारसा आपला आहे.

आपल्या समाजाशी निगडित आणखी एक मुद्दा आहे. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण आदिवासींप्रमाणे आपल्यातही मोठे आहे. ज्याच्यात या दोषाचे एकच जनुक असते त्याला गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. परंतु ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्याला हिवताप झाला तर रक्त वेगाने फुटते, आणि त्याचे मूत्रपिंड त्या आजाराने आधीच दुबळे झालेले असते. दोन्ही गोष्टी एकाच घरात असू शकतात. भाऊ बचावतो, बहीण दगावते. तसेच व्हायव्हॅक्सच्या हिवतापात यकृतात दडून राहिलेले जंतू मारण्यासाठी चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी या द्रव्याची कमतरता आहे त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. लघवी काळी होते, मूत्रपिंडावर आघात होतो. गोळ्या चालू असताना लघवीचा रंग बदलला तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. या गोळ्या वाईट नाहीत, त्यांच्याशिवाय ताप पुन्हा उलटतो. रक्त तपासून त्या देणे हे खात्याचे काम आहे.

शेजारी पाहा. ओडिशाने २०१७ च्या सुमारास दुर्गम पाड्यांत जाऊन ताप असो वा नसो, सर्वांचेच रक्त तपासण्याची मोहीम हाती घेतली, छत्तीसगडने २०२० साली बस्तरमध्ये तेच केले. लक्षणे नसलेले, पण जंतू बाळगणारे लोक मोठ्या संख्येने सापडले आणि त्यांच्यावर उपचार झाले. मग गडचिरोलीतल्या रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या आणि येणाऱ्या मजुरांचे रक्त आपल्या राज्याला का तपासता येत नाही? मजुरांची यादी ठेकेदाराकडे असतेच, निदान असायला हवी.

तथागतांनी आमांशाने घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, ही कथा आपल्या विहारांतून सांगितली जाते. सावित्रीमाई १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. हे स्मरण आम्ही एवढ्यासाठी देतो की वर्षावासात विहारात जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी यंदापासून एक काम अंगावर घ्यावे. कामावरून परतलेल्या माणसाला ताप असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत त्याचे रक्त तपासले जाईल हे पाहावे, आणि डोळे पिवळे किंवा लघवी कमी दिसली तर त्याच रात्री १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. आपल्या उपकेंद्रात किट किती, प्राथमिक आरोग्य केंद्रात आर्टेसुनेटच्या कुप्या किती, त्यांची मुदत कधी संपते, हे माहिती अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.

त्या भगिनीच्या प्रकरणात रुग्णालयाकडे प्रमाणपत्र दुरुस्त करून देण्याचा अर्ज दिला आहे आणि नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडेही. रुग्णालयाचे उत्तर आले की मृत्यू मूत्रपिंड निकामी झाल्यानेच झाला, सबब नोंद बरोबर आहे. मग शेवटची ओळ कोरी का, असे आम्ही उलट विचारले. त्याला अद्याप उत्तर नाही. ठेकेदार म्हणतो, या नावाचा मजूर आमच्याकडे नव्हताच. बाईच्या पिशवीत पतीने मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांचे संदेश लिहून ठेवलेली वही आहे, तारखांसह. तंबूत सोबत राहिलेले दोघे साक्ष द्यायला तयार आहेत. त्यातला एक सध्या तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे, तो होळीपर्यंत परततो. त्यानंतरची तारीख आम्ही मागून घेतली आहे.